साठ हजारांचं गेमिंग मशीन (सोलापुरी आवृत्ती)

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी संध्याकाळची हुतात्मा पकडून सोलापूरला गेलो. निमित्त तसं काही विशेष नव्हतं. ताईचा फोन आला होता, "अरे, तुझा भाचा कम्प्युटर घ्यायचा म्हणतोय. तू एकदा येऊन बघून जा. घरात इंजिनियर मामा असताना दुकानदाराला कशाला विचारायचं?" हे असलं वाक्य ऐकून मी गेली वीस वर्षं नातेवाइकांच्या प्रिंटरमध्ये अडकलेले कागद ओढून काढतोय. सॉफ्टवेअर इंजिनियर म्हणजे कम्प्युटरचा मेकॅनिक नव्हे, हे सांगून सांगून थकलो. पण यावेळी खरं सांगायचं तर मलाच उत्साह होता. कारण भाच्याला नुसता कम्प्युटर नको होता, गेमिंग मशीन हवं होतं, आणि तेही एकेक पार्ट आणून स्वतः जोडायचं होतं. वीस वर्षांपूर्वी मी हेच केलं होतं. ते कसं संपलं ते पुढे येईलच.

बजेट साठ हजार. दाजींनी भिशी उचलली होती. दाजी टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे माग बिघडला की तो चालू करून देणारा माणूस. साठ हजार ही त्या घरात छोटी रक्कम नाही, आणि ती एकदाच मिळणार होती. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, कारण पुढचं माझं सगळं म्हणणं याच्यावरच उभं आहे.

भाच्यानं यादी तयारच ठेवली होती. यूट्यूबवर महिनाभर व्हिडिओ बघून केलेली, एक्सेलमध्ये, रंगीबेरंगी. आय५-१२४००एफ प्रोसेसर, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, काचेचं कॅबिनेट आणि त्यात इंद्रधनुष्यासारखे चमकणारे सहा पंखे. सगळ्यात शेवटच्या ओळीत, जणू भाजीवर कोथिंबीर फुकट घ्यावी तसं, "एसएमपीएस ५०० वॉट - १४०० रुपये".

मी म्हटलं, "हे खालचं बदल."

"मामा, एसएमपीएसनी एफपीएस वाढत नाही ओ."

आता यावर काय बोलणार? पोरगं खरंच बोलत होतं. चांगल्या एसएमपीएसनी सेकंदाला एक फ्रेमसुद्धा जास्त मिळत नाही. म्हणूनच तर बजेट मशीन बनवणारा प्रत्येक जण तिथे पैसे वाचवतो. मीही वाचवले होते.

सन २००६. इंजिनियरिंगचं शेवटचं वर्ष सुरू होणार होतं. घरी "प्रोजेक्टसाठी लागतो" असं सांगून (प्रोजेक्टसाठी जीफोर्स ६६०० कशाला लागतं हे विचारणारं घरी कोणी नव्हतं, देवाची कृपा) एकतीस हजारांचं मशीन जोडलं. पेंटियम ४, ५१२ एमबी रॅम, ८० जीबीची हार्डडिस्क. कॅबिनेट घेतलं तेव्हा दुकानदार म्हणाला, "एसएमपीएस आतच आहे, वेगळा पैसा नाही." मला तो माणूस देवासारखा वाटला. पुढचे दहा महिने मोस्ट वाँटेड, व्हाइस सिटी आणि मित्र जमले की काउंटर स्ट्राइक. मधूनमधून प्रोजेक्टसुद्धा.

ते लोडशेडिंगचे दिवस होते. वीज जायची वेळ ठरलेली, यायची मात्र तिच्या मर्जीनं. एप्रिलच्या एका दुपारी ती आली आणि कॅबिनेटमधून 'फट्' असा आवाज आला. फार मोठा नाही, लवंगी फटाक्याएवढा. मग जळका वास. दुसऱ्या दिवशी उघडून बघितलं तर एसएमपीएस गेला होता, आणि जाताना एकटा गेला नव्हता. मदरबोर्ड आणि हार्डडिस्क दोन्ही घेऊन गेला होता. प्रोजेक्टचा कोड त्या डिस्कवर. कॉपी एक फ्लॉपीवर होती, दोन महिन्यांपूर्वीची.

बाबा काही बोलले नाहीत. बिल घेऊन तीन वेळा त्या दुकानात गेले. तिन्ही वेळा "एसएमपीएस फ्री दिलेला आहे, त्याला वॉरंटी नाही" हे ऐकून परत आले. तिसऱ्या वेळी सायकल लावून घरात आले आणि म्हणाले, "ते फुकट नव्हतं बघ." एवढंच. तो मदरबोर्ड पुन्हा घेण्याइतके पैसे त्या वर्षी जमलेच नाहीत. प्रोजेक्ट मित्राच्या खोलीवर बसून परत लिहिला.

तर माझं मत असं झालंय, आणि ते आता बदलणार नाही: सोलापुरात (किंवा लातूर, बार्शी, विजापूर, कुठेही) मशीन जोडायचं असेल तर यादी खालून वर लिहायची. भिंतीतल्या सॉकेटपासून सुरुवात करायची, मग यूपीएस, मग एसएमपीएस, मग हवा खेळेल असं कॅबिनेट, आणि जे उरेल त्यात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड. यूट्यूबवरच्या याद्या वरून खाली लिहिलेल्या असतात, कारण ती माणसं एसी असलेल्या बावीस अंशांच्या खोलीत बसलेली असतात आणि त्यांच्या सॉकेटच्या तिसऱ्या भोकात खरोखरच वायर असते.

एसएमपीएसचं लेबल वाचायला शिकणं हे दोन मिनिटांचं काम आहे, पण कोणी शिकवत नाही. डब्यावर मोठ्या अक्षरात ४५० किंवा ५०० वॉट असतं, त्याकडे बघू नका. बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि त्याला बारानं गुणा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही जवळजवळ सगळी वीज या १२ व्होल्टवरूनच ओढतात. भाच्याच्या यादीतल्या त्या चौदाशे रुपयेवाल्याचा फोटो आम्ही मोठा करून बघितला. १६ अँपिअर. म्हणजे १९२ वॉट. पाचशेतले उरलेले वॉट कुठे गेले? थोडे ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यात, जिथे आजच्या मशीनला त्यांचा फारसा उपयोग नाही, आणि बाकीचे छापखान्यात! आता समोर हिशेब मांडा. मध्यम ग्राफिक्स कार्ड ११५ ते १३५ वॉट, प्रोसेसर जोरात असताना ७५ ते ११५, बोर्ड, पंखे, एसएसडी मिळून चाळीस-पन्नास. सव्वादोनशेच्या आत काही बसत नाही. १९२ वॉटच्या बैलाला अडीचशेची गाडी जुंपायची, तीही मे महिन्यात.

हा मे महिना तर खास आपला. एसएमपीएसच्या आत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात, आणि त्यांच्याबद्दलचा ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. बावीस अंशांच्या खोलीतून बेचाळीस अंशांच्या खोलीत आणा, आयुष्य एक चतुर्थांश. सोलापूरला मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस म्हणजे बातमीसुद्धा होत नाही. त्यातून पोरांच्या वाट्याला बहुधा वरची पत्र्याची खोली येते, तिथलं तर बोलायलाच नको. आणखी एक मेख आहे. चांगले एसएमपीएस ४० किंवा ५० अंश तापमानाला पूर्ण ताकद देतील असं कंपनी लिहून देते. स्वस्तातले एक तर २५ अंशांवर मोजलेले असतात, नाही तर मोजलेलेच नसतात. पंचवीस अंश आपल्याकडे कधी असतं? डिसेंबरात, पहाटे.

(जाता जाता: ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिण भारताचा ग्रिड देशाच्या बाकीच्या ग्रिडला जोडला गेला तो रायचूर-सोलापूर या ७६५ केव्हीच्या वाहिनीनं. वर आमच्या शेजारी फताटेवाडीला एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा प्रकल्प. म्हणजे अख्ख्या देशाची वीज आमच्या दारावरून जाते, आणि ताईच्या गल्लीतला बल्ब संध्याकाळी सात वाजता डोळे मिटायला लागतो. असो.)

हे सगळं भाच्याला पटवायला मला तास लागला असता. दाजी तेवढ्यात पाळी संपवून आले, चहा घेतला, आमचं थोडं ऐकलं आणि म्हणाले, "ते सगळं ऱ्हाऊ दे. करंट किती घेतंय ते सांग की." ज्या माणसानं आयुष्यात एक गेम खेळलेला नाही त्यानं पहिलाच प्रश्न बरोबर विचारला! कारण व्होल्टेज पडलं की मोटर तापते आणि वाइंडिंग जळतं, हे दाजी पंचवीस वर्षं बघतायत. मग ते आत गेले आणि आपला मल्टिमीटर घेऊन आले.

फेज आणि न्यूट्रल, २०८. ठीक. फेज आणि अर्थ, खरं तर तेवढेच यायला हवेत. आले ८०, मग ६५, मग काटा (म्हणजे आकडे) वाऱ्यावर. बोर्ड उघडला तर तिसऱ्या भोकाला मागे वायरच नव्हती. घर जुनं, वायरिंग जुनं, थ्री-पिन सॉकेट नुसतं शोभेला.

तुमच्यापैकी कितीजणांना कॅबिनेटच्या स्क्रूला हात लागल्यावर झिणझिण्या आल्यात? हात वर करा. आम्हाला वाटायचं हे असंच असतं. तर ते असं असतं, की एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याच्या बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर तिथली गळती मुकाट जमिनीत जाते. नसेल तर कॅबिनेटवर साधारण निम्मं व्होल्टेज, म्हणजे ११५ च्या आसपास, ताटकळत उभं राहतं. करंट अगदी नगण्य असतो, माणसाला सहसा काही होत नाही. पण तुम्ही यूएसबी खुपसता, टीव्हीची एचडीएमआय केबल लावता, तेव्हा तोच करंट त्या नाजूक पिनांमधून वाट काढतो. पोर्ट "आपोआप" गेला म्हणतात तो कधीकधी असा जातो.

म्हणून साठ हजारांतली पहिली खरेदी ठरली ती अर्थिंगची. वायरमन, खड्डा, सळई, वायर. भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ज्या पैशांतून चमकणारे पंखे येणार होते त्यातून परसात खड्डा खणला जाणार! मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. एकोणीस वर्षांच्या पोराला खड्ड्याचं कौतुक कुठून असणार.

दुसरी खरेदी यूपीएस. दुकानात मागितला की ६०० व्हीएचा हातात ठेवतात. त्याची खरी ताकद बहुधा ३६० वॉट. आमचं मशीन आतून २६० वॉट ओढणार, एसएमपीएसची स्वतःची घट धरून भिंतीतून ते तीनशेच्या वर जाणार, त्यात स्क्रीन. म्हणजे काठावर. म्हणून १००० व्हीएचा घेतला, पाच हजारांच्या आसपास पडला. घरात इन्व्हर्टर असेल तर काहीजण त्यावरच चालवतात. चालतं, पण त्याच्या मागचा खटका यूपीएस मोडवर हवा, नाहीतर वीज गेल्यावर तो जो क्षणभर विचार करतो तेवढ्यात मशीन बंद पडतं.

एसएमपीएस ५५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझ, पाच वर्षांची वॉरंटी, चार हजारांच्या थोडा पुढे. ८० प्लसचा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, डबा किती टिकेल ते सांगत नाही. पण हा शिक्का मिळवायला डबा तपासणीला पाठवावा लागतो, म्हणजे निदान तिथपर्यंत तरी काम केलेलं असतं.

आता उरलेल्या पैशांत मेंदू आणि डोळे. इथे भाच्याला खरी झळ बसली, आणि ती मी लपवणार नाही. आरटीएक्स ४०६० उत्तम कार्ड आहे. वेगवान आहे आणि ११५ वॉटमध्ये काम भागवतं, म्हणजे माझ्याच हिशेबात ते बसतं. पण पैशांत बसेना. आम्ही आरएक्स ६६०० वर आलो. २०२१ चं कार्ड, १३२ वॉट, ८ जीबी मेमरी. १०८० पी ला त्याचे गेम व्यवस्थित चालतात, फक्त प्रत्येक सेटिंग अल्ट्राला नाही. प्रोसेसर रायझन ५ ५६००. २०२२ चा, सहा कोअर, ६५ वॉटचा. यावर जाणकार म्हणतील, "एएम४ सॉकेट? २०२६ मध्ये? पुढे अपग्रेड काय करणार?" त्यांचं बरोबर आहे. पण मला एएम४ घ्यायला लावलं ते रॅमनं.

रॅमची कथा सगळ्यांना माहीत आहे. २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी अशी काही उचलली की आपल्यासारख्यांसाठी भाव आकाशाला भिडले. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशल हा घरगुती ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी नवीन डीडीआर५ घेणं म्हणजे सणाच्या आदल्या दिवशी झेंडू घेणं. माझ्या पुण्याच्या जुन्या मशीनमध्ये ८ जीबीच्या दोन डीडीआर४ पट्ट्या होत्या. त्या दिल्या भाच्याला. एएम४ च्या बोर्डावर त्या चालतात, म्हणून एएम४. अपग्रेडचं स्वप्न चार वर्षांनंतरचं, रॅमचे पैसे आत्ताचे. जुनी डीडीआर४ रॅम कोणाच्या ड्रॉवरमध्ये पडली असेल तर शोधा, सध्या ती सोन्यासारखी आहे. एसएसडी ५०० जीबीची. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

शेजारच्या मुलानं मध्ये एक फोटो दाखवला. "काका, आय७, सोळा जीबी, ग्राफिक्स कार्ड, सगळं मिळून वीस हजार, ऑनलाइन!" आय७ होता, पण तिसऱ्या पिढीचा, म्हणजे २०१२ चा. कार्ड जीटी ७३०. या मशीनला गेमिंग म्हणणं म्हणजे लुनाला रणगाडा म्हणणं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला इतका जुना प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाही, आणि व्हॅलोरंट तर विंडोज ११ वर टीपीएम २.० मागतो. म्हणजे ज्या गेमसाठी घेणार तोच सुरू होणार नाही. त्याच्या वडिलांनी पैसे भरले नव्हते अजून, बरं झालं.

सेकंडहँड कार्डाला मात्र माझा सरसकट विरोध नाही. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि राबून राबून थकलेली कार्डं बाजारात आली. त्यातली काही अजून फिरतायत. आरएक्स ५८० म्हणून विकतात, त्यातली बरीचशी '२०४८ एसपी' असतात, म्हणजे आतून ५७०. वर ५८० चं खाणं १८५ वॉट. स्वतः चालवून बघितल्याशिवाय घेऊ नये, आणि ज्याला एकदाच पैसे मिळणार आहेत त्यानं तर नकोच. नवीन घेताना पक्कं जीएसटी बिल घ्यायचं, त्यावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर. अठरा टक्के वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर घेतलेलं कार्ड बिघडलं की वॉरंटीही कच्चीच.

पार्ट्स काही सोलापुरात घेतले, काही मी पुण्याहून आणले. ग्राफिक्स कार्डाचा खोका हुतात्मामध्ये मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारच्या आजींनी कुर्डुवाडीपर्यंत धीर धरला आणि मग विचारलं, "बाळाचं काय हाय का त्यात?"

जोडणी रविवारी सकाळी झाली, सगळी भाच्यानं केली. मी फक्त प्रोसेसर बसवताना त्याच्या मागे उभा राहून स्वतःचा श्वास रोखून धरला. कॅबिनेट पुढून जाळीचं घेतलं. काचेचं तोंड असलेलं सुंदर दिसतं, पण हवा घेणार कुठून? जाळीला आमच्याकडे वेगळा त्रास आहे तो रुईचा. मागांच्या वस्तीत हवेतच सूत असतं, महिन्याभरात पंख्यांवर पांढरी गोधडी चढते. दाजी म्हणाले कारखान्यात साफसफाईचा ब्लोअर आहे, रविवारी आणता येईल. आणा, पण पंख्याची पाती बोटानं धरून मगच हवा मारायची, नाहीतर पंखा नको तितका गरगरतो आणि त्याचं बेअरिंग जातं. आणि कूलर थेट मशीनच्या तोंडासमोर लावायचा नाही. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग कूलरच्या जाळीवर बघितलेत ना? तेच बोर्डावर बसतील.

सगळं मिळून अठ्ठावन्न हजार आठशे, अर्थिंगच्या खड्ड्यासकट. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा दाजींनी आधी कॅबिनेटला उलटा हात लावून बघितला, मग पोराला लावू दिला. झिणझिण्या नाहीत. खोलीत तीस अंश होते, तासभर गेम चालल्यावर कार्ड अडुसष्टला. मे महिन्यात खोली बेचाळीसला जाईल तेव्हा त्यात बारा मिळवा, ऐंशी. चालेल.

मॉनिटर या बजेटमध्ये बसला नाही. तो दिवाळीला बघू म्हणाले दाजी. तोपर्यंत मशीन टीव्हीला जोडलंय, आणि आठ ते साडेनऊ टीव्ही ताईचा, हे आधीच ठरलेलं आहे.